शृंगाराचा पैसा आणि धर्माचा पैसा

मराठी घरांत शृंगार आणि दानधर्म यांचें नातें जुनें आहे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरीं हळदीकुंकूं होतें. त्या वेळीं सुवासिनी बाजारांतून फण्या, आरसे, कुंकवाचे करंडे, बांगड्या अशा वस्तु आणतात आणि आल्यागेल्या बायकांना वाण म्हणून देतात. देण्याच्या ह्या क्रियेला आपल्या भाषेनें 'वाण लुटणें' असें नांव दिलें आहे. देणारी आपलें घर आपण होऊन लुटूं देते, इतका औदार्याचा भाव त्या एका शब्दांत सांठविलेला आहे. व्रताच्या उद्यापनांत सौभाग्यवायन देतात, त्यांतही हेंच सारें असतें. पेण आणि रोहें हीं रायगड जिल्ह्यांतील, म्हणजे १९८१ सालापूर्वीं ज्याला कुलाबा जिल्हा म्हणत त्या जिल्ह्यांतील, दोन जुनीं व्यापाराचीं गांवें. भोगावतीकांठच्या पेणेस काय किंवा कुंडलिकेकांठच्या रोह्यास काय, संक्रांतीच्या सुमारास बाजारांतून फेरी मारणाऱ्यास ह्या वाणाच्या खरेदीची लगबग दिसल्यावांचून राहत नाहीं.

ह्याच बाजारांत आतां एक निराळ्या प्रकारची वस्तुही येऊं लागली आहे. साबणाच्या वडीवर, काजळाच्या डबीवर किंवा केसांच्या तेलाच्या बाटलीवर कधीं कधीं असें छापलेलें आढळतें कीं, ह्या विक्रींतील कांहीं भाग मुलींच्या शिक्षणास, रोग्यांच्या शुश्रूषेस किंवा अशाच एखाद्या सत्कार्यास दिला जाईल. घेणारीला दुहेरी समाधान मिळतें. अंग उजळलें आणि पदरीं पुण्यही पडलें, असें तिला वाटतें. ही युक्ति परदेशी बाजारपेठेंतून आली, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. नटण्यामुरडण्याची खरेदी लोकहिताला जोडण्याचे पुष्कळ प्रयोग महाराष्ट्रांत गेल्या दीडशें वर्षांत होऊन गेले. त्यांपैकीं दोन प्रयोगांत दोन थोर पुरुषांचा हात होता. एकाचा जन्म पेण तालुक्यांतला आणि दुसऱ्याचें बालपण रोह्यांत गेलेलें. ह्या प्रयोगांची हकीकत पाहिली म्हणजे अशा खरेदीची खरी कसोटी कोणती, तें ध्यानांत येतें. आजच्या भाषणाचा विषय तोच आहे.

आरंभ वाणापासूनच करूं. वाणाच्या चालींत दोन गुण होते. पहिला गुण हा कीं, देणारी आणि घेणारी समोरासमोर असत; मध्यें तिसरें कोणी नसे. दुसरा गुण असा कीं, ज्याच्यापासून वस्तु घ्यावयाची त्याचाही मान राखला जाई. कासारानें बांगड्या भरल्यावर त्याला नमस्कार करण्याची रीत अनेक घरांत होती. पैसे दिले म्हणजे देणें संपलें, असें त्या बायका मानीत नसत. परंतु त्या चालींत एक मोठें वैगुण्यही होतें. हें सारें दान सुवासिनींनीं सुवासिनींना दिलेलें असे. जिचें कपाळ उघडें, जिचे हात ओके, ती विधवा त्या बैठकींत येऊंच शकत नसे. आणि समाजांत साहाय्याची सर्वांत अधिक गरज तर तिलाच होती. म्हणजे शृंगाराच्या पैशाला दानाची वाट ठाऊक होती, पण ती वाट गरजवंताच्या दारावरून जात नव्हती. पुढच्या दीडशें वर्षांचा इतिहास हा ती वाट वळविण्याचा इतिहास आहे.

पहिलें वळण पुण्यास मिळालें. १८७० सालीं तेथें सार्वजनिक सभा स्थापन झाली. तिचे प्राण म्हणजे गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका. १८७२ च्या जानेवारींत त्यांनीं स्वदेशी वस्तु वापरण्याची शपथ घेतली. ते स्वतः सूत कातीत, आणि १८७७ च्या दिल्ली दरबारास सभेच्या वतीनें ते गेले तेव्हां राजेरजवाड्यांच्या जरतारी मेळाव्यांत हे गृहस्थ हातानें कातलेल्या सुताच्या जाड्याभरड्या पोषाखांत हजर राहिले. वेष ही नुसती हौस नसून त्यांत देशाचें कांहीं हित-अहित गुंतलेलें आहे, ही गोष्ट त्या एका पोषाखानें पुष्कळांच्या लक्षांत आणून दिली. अंगावर काय घालावें हा प्रश्न आतां ऐपतीचा आणि आवडीचा राहिला नाहीं. तें कोणाच्या हातचें आहे, असें विचारण्यास लोकांनीं सुरुवात केली.

हा प्रश्न बायकांपर्यंत जोरानें पोंचला तो १९०५ सालीं. वंगभंगाच्या चळवळीबरोबर विदेशी मालावरील बहिष्कार सर्व देशांत पसरला. पुण्यास त्या वर्षाच्या ७ ऑक्टोबरास विदेशी कपड्यांची होळी झाली. कपड्यापाठोपाठ नजर वळली ती बांगड्यांकडे. त्या काळीं आपल्या बायकांच्या हातांतील कांचेच्या बांगड्या बव्हंशीं ऑस्ट्रियाच्या साम्राज्यांतील बोहेमिया प्रांतांतून येत. सौभाग्याचें जें मुख्य लेणें, तेंच परदेशांतल्या भट्टींतून यावें, ही गोष्ट मनाला लागण्यासारखी होती. विदेशी बांगडी टाकून स्वदेशी बांगडी भरणें हें तेव्हां शृंगाराइतकेंच व्रताचें काम होऊन बसलें. मात्र येथें एक व्यावहारिक अडचण उभी राहिली. व्रत घेणें सोपें, पण बांगडी करणारा कारागीर आणि कांचेची भट्टी कोठून आणावयाची?

ह्या अडचणीचें उत्तर मराठी माणसानें मोठ्या कल्पकतेनें दिलें होतें. अंताजी दामोदर काळे ह्या गृहस्थांनीं 'पैसा फंड' नांवाची योजना लोकांपुढें मांडली. प्रत्येकानें वर्षाला एक पैसा द्यावा, आणि त्या रकमेंतून देशी उद्योग उभारावे, एवढीच ती योजना. रुपयाचे चौसष्ट पैसे होत, त्या काळांतला हा पैसा. गरिबांतल्या गरिबालाही तो देतां येई. उत्सवांत आणि जत्रांत स्वयंसेवक पैसा-पैसा जमवीत हिंडत. लोकमान्य टिळकांनीं ह्या फंडास पाठबळ दिलें. ह्या पैशांतून १९०८ सालीं तळेगांव दाभाडे येथें कांचेचा कारखाना निघाला. परदेशीं शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांच्या हाताखालीं तेथें कांचकाम शिकविण्यास आरंभ झाला, आणि तेथें तयार झालेले कारागीर पुढें देशांतील निरनिराळ्या कारखान्यांत गेले.

पैसा फंडाची एक गोष्ट विशेष लक्षांत ठेवण्याजोगी आहे. त्यानें खरेदी आणि दान यांची सरमिसळ केली नाहीं. देणाऱ्यानें पैसा दिला तो दान म्हणून दिला. त्याला त्याच्या बदल्यांत बांगडी मिळाली नाहीं, कीं दिवा मिळाला नाहीं. दान किती झालें, तें कशांत खर्च झालें, याचा जबाब फंडानें सर्वांना द्यावयाचा होता. पुढें कारखान्याचा माल ज्यानें घेतला त्यानें तो मालाच्या गुणावर घेतला. दोन व्यवहार, दोन हिशेब. आजच्या वेष्टनावरील वचनाशीं ताडून पाहिलें म्हणजे ह्या साध्या पद्धतींतील शहाणपण कळतें.

दुसरीकडे वाणाच्या बैठकीबाहेर राहिलेल्या विधवेचा प्रश्न तसाच होता. १९०८ सालीं मुंबईस बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनीं सेवासदन काढलें, आणि १९०९ सालीं रमाबाई रानडे यांनीं गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साहाय्यानें पुण्यास सेवासदनाचें काम सुरू केलें. तेथें बायकांना लिहिणें-वाचणें, शुश्रूषेचें काम, शिवण आणि भरतकाम शिकवीत. ह्या शिवणवर्गांचा अर्थ नीट पाहण्यासारखा आहे. ज्या बाईला रंगीत लुगडें नेसण्याची बंदी, तिच्या हातांतून दुसऱ्या बायकांच्या चोळ्या, पोलकीं आणि कशिदा तयार होऊं लागला, आणि त्याची मजुरी तिच्या स्वतःच्या हातीं पडूं लागली. घेणाऱ्या बाईला वस्तु मिळाली. करणाऱ्या बाईला धंदा मिळाला. कोणी कोणावर उपकार केला नाहीं. धर्मादाय अन्नछत्रांत जेवणाऱ्याची मान खालीं असते. मजुरी घेणाऱ्याची मान वर असते. शृंगाराचा पैसा वळला आणि प्रथमच त्या उघड्या कपाळाच्या दारीं जाऊन पोंचला, तो असा.

१९२१ नंतर हें सारें खादीच्या प्रवाहांत मिळालें. पहिली खादी जाडी, पांढरी आणि जड होती. नऊवारी लुगडें खादीचें नेसावयाचें म्हणजे अंगावर ओझें वागविण्यासारखें होतें. मुंबईंत राष्ट्रीय स्त्रीसभेच्या बायकांनीं ह्यावर उपाय शोधला. ह्या कामांत दादाभाई नौरोजींच्या नाती पुढें होत्या. पेरीनबेन कॅप्टन त्यांपैकीं एक. १९५४ सालीं त्यांना 'पद्मश्री' मिळाली. ह्या बायकांनीं खादीवर भरतकाम करविण्याची सोय केली. तें काम गरीब स्त्रियांना दिलें, आणि कांठपदर सजविलेली ती खादी स्वतः विकली. ज्यांना विकत घेणें हेंच आजवर ठाऊक, अशा सुखवस्तु घरांतल्या बायका आतां विकण्यास बाहेर पडल्या. खादीला सौंदर्य आलें, आणि सौंदर्याला कारण मिळालें.

१९२५ सालीं अखिल भारत चरखा संघ स्थापन झाला आणि खादीच्या व्यवहारास देशव्यापी स्वरूप आलें. येथपासून आपल्या विषयांतला खरा कठीण प्रश्न सुरू होतो. खादी घेणारा मनुष्य बाजारभावापेक्षां अधिक दाम मोजीत होता. तें अधिक दाम तो कशासाठीं मोजीत होता? खेड्यांतल्या दरिद्री बाईच्या पोटासाठीं. मग तें तिच्या पोटापर्यंत पोंचत होतें काय?

पेणच्या लोकांना हा प्रश्न लवकर उमजेल. पेण हें गणपतीच्या मूर्तींचें गांव. तेथून मूर्ति मुंबईस जातात, परदेशींही जातात. एका मूर्तीच्या किमतींत किती जणांचा वांटा असतो हें तेथल्या कारखान्यांत उभें राहिलें कीं दिसतें. शाडूची माती आणणारा, ती मळणारा, साच्यांतून काढणारा, रंग देणारा, आणि शेवटीं डोळ्यांची आंखणी करणारा. मूर्ति मखरांत बसते तेव्हां तिच्या किमतीचा आंकडा एकच असतो. पण त्या आंकड्याच्या पोटांत दहा हातांची मजुरी असते. त्यांतल्या कोणत्या हाताला किती मिळालें, हें आंकड्यावरून समजत नाहीं. खादीचेंही तसेंच होतें. कापूस, पिंजण, कांतण, विणकर, धुलाई, रंग, वाहतूक आणि भांडार, इतक्या पायऱ्या चढून ती घेणाऱ्याच्या हातीं येई. ह्या सर्व पायऱ्यांत तळाची पायरी कांतणाऱ्या बाईची. तिला दिवसभर कांतून आण्याच्या आसपास मिळे. खादी स्वस्त झाली पाहिजे, तरच ती खपेल, असा कार्यकर्त्यांचा आग्रह. आणि ती स्वस्त करावयाची म्हणजे ह्याच बाईची मजुरी खालीं दाबावयाची. जिच्यासाठीं हें सारें मांडलें, तीच त्यांत भरडली जात होती.

१९३५ सालीं चरखा संघानें ह्यावर ठराव केला. कांतणाऱ्या व्यक्तीस आठ तासांच्या कामाबद्दल निर्वाहापुरती तरी किमान मजुरी मिळालीच पाहिजे. खादी महाग झाली तरी हरकत नाहीं, असा त्या ठरावाचा मथितार्थ होता. ठराव गांधीजींच्या आग्रहानें झाला. परंतु निर्वाहापुरती म्हणजे किती, हें सभागृहांत बसून ठरण्यासारखें नव्हतें. तें कोणीतरी आपल्या अंगावर घेऊन पाहावयास हवें होतें.

तें ज्यांनीं पाहिलें ते विनायक नरहर भावे, म्हणजेच विनोबा. ११ सप्टेंबर १८९५ रोजीं पेण तालुक्यांतील गागोदें ह्या लहानशा खेड्यांत त्यांचा जन्म झाला आणि बालपणाचीं पहिलीं वर्षें त्यांनीं तेथेंच आजोबांच्या सहवासांत काढलीं. पुढें वडिलांकडे बडोद्यास, १९१६ सालीं गांधीजींच्या आश्रमांत आणि १९२१ सालीं वर्ध्यास, असा त्यांचा प्रवास झाला. वर्ध्याजवळ नालवाडी येथें राहत असतां त्यांनीं नियम केला कीं, आपण दिवसाचे आठ-आठ तास सूत कांतावें, चरखा संघाच्या दरानें त्याची जी मजुरी होईल ती मोजावी, आणि तेवढ्यांतच आपला निर्वाह करावा. विद्वान, अनेक भाषा जाणणारा, गीतेवर प्रवचनें करणारा हा पुरुष दिवसचे दिवस एका आसनावर बसून सूत काढीत राहिला. तें देशभक्तीचें प्रतीक म्हणून नव्हे, तर कांतणाऱ्या बाईची भाकर खरोखर किती मोठी होते हें मोजण्यासाठीं. ग्राहकाला सुंदर वाटणाऱ्या वस्तूचा हिशेब तळच्या पायरीवर बसून तपासण्याचें असें दुसरें उदाहरण सहसा सांपडणार नाहीं. गागोद्याच्या मातींतून निघालेल्या ह्या माणसानें १९५१ सालीं भूदानाची चळवळ आरंभिली आणि त्या कामानें त्यांचें नांव जगभर झालें. पण सत्कार्याची खरेदी करणाऱ्या प्रत्येकानें त्यांचा हा नालवाडीचा हिशेब अगोदर आठवावा, असें मला वाटतें.

खादीबरोबर साबणाचाही इतिहास ओझरता पाहिला पाहिजे. कारण आज दानाचें वचन बहुतेक साबण, तेल आणि उटणीं यांच्याच वेष्टनावर येतें. विसाव्या शतकाच्या आरंभीं विलायती साबणांत जनावरांची चरबी असे, म्हणून कित्येक घरांत तो शिवत नसत. मुंबईचे अर्देशीर गोदरेज यांनीं पहिल्या महायुद्धाच्या अखेरीच्या सुमारास केवळ वनस्पतींच्या तेलापासून साबण तयार केला आणि त्याचा सर्वत्र बोलबाला झाला. ह्याच गोदरेजांनीं टिळक फंडास तीन लाख रुपये दिले. आपल्या वडीच्या कागदावर त्यांनीं दानाचें वचन छापलें नाहीं; माल मालाच्या गुणावर विकला आणि दान आपल्या मिळकतींतून दिलें. पुढें १९३४ सालीं गांधीजींनीं वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापिला. जोसेफ कॉर्नेलिअस कुमारप्पा त्याचे चालक होते. कडुनिंब, करंज, मोह अशा न खाण्याच्या तेलांपासून साबण करणें हें ग्रामोद्योगाच्या यादींत आलें. आज खादी भांडारांत जीं साबणाचीं वडी-वेष्टनें आणि उटणीं मांडलेलीं असतात, त्यांचें कूळ तेथें आहे. तीं घेणारा दान करीत नाहीं, तर खेड्यांतल्या धंद्याला गिऱ्हाईक मिळवून देतो.

आतां रोह्याकडे वळूं. चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म १८९६ सालीं महाडजवळ नाते येथें झाला, पण त्यांचें बालपण रोह्यांत गेलें. १९१२ च्या मॅट्रिकच्या परीक्षेंत ते पहिले आले आणि संस्कृताची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति त्यांनीं मिळविली. पुढें ते रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले, आणि १९५० ते १९५६ ह्या काळांत भारताचे अर्थमंत्री होते. 'मेघदूता'चा मराठी अनुवाद करणाऱ्या ह्या रसिक अर्थमंत्र्याच्या कारकीर्दींत, १९५३ सालीं, एक लहानसा पण अर्थपूर्ण कायदा झाला. गिरणीच्या कापडावर वाराला तीन पै जादा जकात बसवावी आणि तिचें उत्पन्न खादी व हातमाग यांच्या उत्कर्षासाठीं वापरावें, असा तो कायदा होता. रुपयाच्या एकशें ब्याण्णव पै होत. तेव्हां वाराला तीन पै म्हणजे रुपयाचा चौसष्टावा हिस्सा, अर्थात् एक पैसा. अंताजी काळ्यांचा पैसा वळसा घालून पुन्हां आला होता. परंतु मध्यंतरीं एक मोठा फरक झाला होता. पैसा फंडांत देणारा राजीखुशीनें देत असे. येथें गिरणीचें तलम पातळ घेणाऱ्या बाईला ती पै न कळतां द्यावी लागे.

ह्या फरकावर दोन्ही बाजूंनीं बोलतां येतें. कोणी म्हणेल कीं, सक्तीचें दान हें दानच नव्हे; त्यांत पुण्य कसलें? त्याला उत्तर असें कीं, विणकराला आपल्या चुलीसाठीं पैसा पाहिजे असतो. घेणाऱ्याच्या पुण्यानें त्याची चूल पेटत नाहीं. स्वेच्छेची खरेदी लहरीवर चालते. आज खादीची लाट आहे म्हणून मागणी, उद्यां लाट ओसरली म्हणजे विणकराच्या घरीं अंधार. कायद्याच्या पैमध्यें लहर नाहीं, आणि तिचा जमाखर्च सरकारी दप्तरांत पाहतां येतो. उलट, कायद्यानें दिलेल्या मदतीवर विसंबून राहिलेला धंदा गिऱ्हाइकाची आवड ओळखण्यास हळूहळू विसरतो, हाही अनुभव आहे. विनोबांचा मार्ग अंतःकरणाचा आणि देशमुखांचा मार्ग कायद्याचा. एकाच जिल्ह्यानें हे दोन्ही मार्ग दाखविले, आणि एकट्या कोणत्याही मार्गानें काम पुरें होत नाहीं, हें दोहोंच्या इतिहासावरून दिसतें.

परदेशांत ह्या प्रश्नानें कोणतें वळण घेतलें तेंही थोडक्यांत पाहूं. अमेरिकेंत १९८३ सालीं अमेरिकन एक्स्प्रेस ह्या कंपनीनें न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याच्या डागडुजीसाठीं एक योजना काढली. कंपनीचें कार्ड गिऱ्हाइकानें वापरलें कीं, दर वेळीं एक सेंट पुतळ्यासाठीं जमा. सुमारें सतरा लाख डॉलर जमले, आणि कार्डाचा वापरही पुष्कळ वाढला. दानानें विक्री वाढते, हें व्यापाऱ्यांना तेव्हां आंकड्यांनीं कळलें. १९९२ सालीं एव्हलिन लॉडर यांच्या पुढाकारानें एस्टे लॉडर कंपनीच्या प्रसाधनांच्या दुकानांतून स्तनांच्या कर्करोगाची जाणीव करून देणाऱ्या गुलाबी फिती वांटण्यांत आल्या, आणि थोड्याच वर्षांत गुलाबी रंगाच्या वस्तूंचा बाजार भरला. १९९४ सालीं कॅनडांतील मॅक ह्या कंपनीनें ओठांना लावण्याची एक लाली काढली आणि कर वगळून तिची सबंध विक्रीची किंमत एड्सच्या रोग्यांसाठीं देण्याचें ठरविलें. त्या एका वस्तूंतून पुढें ५० कोटि डॉलरांहून अधिक रक्कम उभी राहिली. हें उदाहरण चोख आहे, कारण तेथें 'कांहीं भाग' असा मोघम शब्द नव्हता.

परंतु सारींच वचनें इतकीं चोख नव्हतीं. कोणी किमतीचा किती हिस्सा देणार तें सांगत नसे. कोणी ठराविक रकमेची मर्यादा घालून ठेवी. ती भरल्यावरही वेष्टनावरचें वचन तसेंच राही, आणि घेणारीला मात्र आपण अजून दान करीत आहों असें वाटत राही. २००२ सालीं सॅन फ्रॅन्सिस्कोच्या ब्रेस्ट कॅन्सर ॲक्शन ह्या संस्थेनें, गुलाबी वस्तु घेण्यापूर्वीं विचार करा, असा प्रचार सुरू केला. कित्येक प्रसाधनांत घातलेल्या रसायनांविषयींच शंका असतां, तींच कर्करोगाच्या नांवानें विकावीं हें कितपत योग्य, असा त्या संस्थेचा रोखठोक सवाल होता. रोग्यांच्या बाजूनें उठलेला हा प्रश्न म्हणजे नालवाडीच्या हिशेबाचेंच दुसरें रूप होय.

आपल्याकडे २०१३ च्या कंपनी कायद्यानें ह्या बाबतींत कांहीं गोष्टी बदलल्या. ठराविक मर्यादेहून मोठ्या कंपन्यांनीं मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यास खर्च केले पाहिजेत, असें बंधन आलें. रोह्याजवळ धाटाव येथें मोठी औद्योगिक वसाहत आहे. रसायनांचे आणि रंगद्रव्यांचे कारखाने तेथें आहेत, आणि जगांतील सौंदर्यप्रसाधनांना लागणारीं रंगद्रव्येंही तेथें तयार होतात. तेव्हां कोठल्या तरी दूरच्या शहरांतील बाईच्या ओठांवरच्या रंगाचा संबंध रोह्याच्या हवेशीं, कुंडलिकेच्या पाण्याशीं आणि तेथल्या कामगाराच्या पगाराशीं येतो. त्या रंगाचें सत्कार्य मोजावयाचें तर वेष्टनावरच्या वचनाआधीं हें हवापाणी आणि हा पगार मोजावा लागेल.

मग घेणाऱ्यानें करावें काय? इतिहास त्याला तीन साधे प्रश्न विचारण्यास शिकवितो. पहिला प्रश्न: किती? 'कांहीं भाग' ह्या शब्दावर समाधान मानूं नये. किमतींतले किती पैसे, हें छापलेलें असावें. दुसरा प्रश्न: कोणाला? संस्थेचें नांव असावें आणि ती नोंदलेली असावी. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थांच्या कायद्यानें धर्मादाय संस्थांना हिशेब ठेवणें आणि तो तपासून घेणें आपल्या राज्यांत बंधनकारक केलें आहे; त्या सोयीचा उपयोग करून घेण्याचा अधिकार सामान्य माणसाचाही आहे. तिसरा प्रश्न विनोबांचा: ही वस्तु ज्या हातांनीं केली, त्या हातांना काय मिळालें? मुलींच्या शिक्षणाला चार पैसे देणारा साबण जर करणाऱ्या मजुरिणीच्या मुलीला शाळेंतून काढावयास लावीत असेल, तर त्या चार पैशांचें पुण्य कोणाच्या खातीं लिहावें?

हे तीन प्रश्न विचारले म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. सर्वांत स्वच्छ सत्कार्याच्या खरेदीवर बहुधा वचन छापलेलें नसतेंच. सह्याद्रीच्या उतारावर शिकेकाईच्या कांटेरी वेली वाढतात. रानांत राहणाऱ्या बायका तिच्या शेंगा गोळा करतात, वाळवितात आणि टोपलींत घालून बाजारांत आणून बसतात. केस धुण्यासाठीं मराठी घरांत पिढ्यान् पिढ्या हीच वस्तु चालत आली. त्या टोपलीपुढें उभें राहून आपण काय करतों? चार शेंगा अधिक मागतों, दोन रुपये कमी करतों, आणि स्वस्त मिळालें म्हणून आनंदानें घरीं येतों. त्याच संध्याकाळीं शेजारच्या दुकानांत जाऊन सत्कार्याचें वचन छापलेल्या बाटलीचे पुरे पैसे मोजतों. तेथें घासाघीस करीत नाहीं. त्या टोपलीवर वचन नाहीं, हिशेबनीस नाहीं, कारण तेथें मधला कोणी नाहीं. दिलेला प्रत्येक पैसा घेणाऱ्या हातांतच पडतो. धर्माचा पैसा वेगळा काढण्यापूर्वीं वस्तूचा रास्त पैसा पुरा चुकता करावा, हा गेल्या दीडशें वर्षांच्या ह्या प्रयोगांचा एकंदर निष्कर्ष आहे. मग हौसेनें वाण लुटावें, खादी नेसावी, आणि वाटल्यास वचन छापलेला साबणही घ्यावा. शृंगाराला तेणेंकरून कमीपणा येणार नाहीं, आणि धर्माला तर मुळींच येणार नाहीं.